उष्ण झऱ्यांचा धडा कूपनलिकांनाही लागू

जबलपूरहून मंडल्याकडे जाताना बबेहा गावाजवळ गरम पाण्याचे कुंड लागते. खाली ज्वालामुखी असावा, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक दख्खनचा लाव्हा ओतला गेला त्यास सुमारे ६.६ कोटी वर्षे लोटली. ती उष्णता केव्हाच निवाली आहे. भूगर्भात दर किलोमीटर खोलीस तापमान साधारणतः २५ ते ३० अंशांनी वाढते. नर्मदा-सोन-तापी पट्टा भेगांचा आहे; २२ मे १९९७ च्या जबलपूर भूकंपाने त्याची जाणीव करून दिली. या भेगांतून खोल उतरलेले पाणी तापून वर येते. जळगाव जिल्ह्यातील उनपदेवचा झराही याच पट्ट्यातला.

हे पाणी मूळचे पावसाचेच, हे कशावरून? पाण्यातील जड हायड्रोजन व ऑक्सिजन-१८ या समस्थानिकांच्या प्रमाणावरून. १९६१ मध्ये हार्मन क्रेग यांनी जगभरच्या पावसाच्या पाण्यात या दोहोंचे नाते ठरावीक असल्याचे दाखविले. तप्त खडकाच्या सहवासात ऑक्सिजनचे प्रमाण बदलू शकते. परंतु खडकात हायड्रोजन अत्यल्प असल्याने जड हायड्रोजनची खूण बहुधा टिकून राहते. ट्रिटियमवरून पाण्याचे वयही अजमावता येते. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे आहे.

माझे म्हणणे असे की, ही कसोटी झऱ्यांपुरती न ठेवता शेतीच्या पाण्यासही लावावी. विहीर आटली की आपण कूपनलिका खोल नेतो. लागलेले पाणी किती जुने, हे मात्र विचारत नाही. ट्रिटियम जवळजवळ नसेल, तर त्या साठ्यात नवी भर फार सावकाश पडते, असे समजावे. ते दरवर्षीचे उत्पन्न नव्हे, पूर्वजांची ठेव आहे. शिवाय खडकाशी दीर्घकाळ संबंध आलेल्या पाण्यात फ्लोराइड व सोडियम वाढण्याचा संभव असतो. मंडला जिल्ह्यातील तिलईपानी गावात हातपंपांच्या फ्लोराइडयुक्त पाण्याने मुलांचे पाय वाकले, ही घटना विसरण्याजोगी नाही.

चाचणी खर्चिक आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रत्येक विहिरीची नव्हे, तर प्रत्येक पाणलोटातील एक उथळ विहीर, एक खोल कूपनलिका आणि पावसाचे पाणी यांचे नमुने पाठवावेत. उथळ विहिरीत पावसाची ताजी खूण आढळल्यास शेततळी व बांधबंदिस्तीवरील खर्च सार्थकी लागण्याची आशा अधिक; खोल पाणी जुने ठरल्यास उन्हाळी पिकाचा आग्रह सोडणे शहाणपणाचे. तोवर विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक नव्या कूपनलिकेची खोली, पाण्याचे तापमान, क्षारता व फ्लोराइड यांची नोंद ठेवावी. फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक आढळल्यास ते पाणी पिण्यास देऊ नये. कूपनलिकेचे पाणी शेजारच्या विहिरीहून कोमट लागले, तर ते खोलवरून आले असावे, एवढी सूचना तरी त्यातून घ्यावी.