उजेडात वळणारी पट्टी

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हटला की मोटर हवीच. नसेल तर ‘यात हलणार काय?’ हा प्रश्न ठरलेला. मला हे पटत नाही.

२०१६ साली जर्मनीत, श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत अमजदी आणि सित्ती यांनी झेरॉक्सच्या कागदाला पॉलिप्रॉपिलीनची फिल्म चिकटवून पट्टी केली. तापली की प्लास्टिक प्रसरण पावतं, कागद मात्र ओल उडून आकसतो; मग पट्टी कागदाच्या बाजूला वळणारच! इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधल्या बायमेटलची ही धाकटी बहीणच म्हणा ना. तापमानातला फरक ३५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवूनही ती ३६० अंशांपर्यंत वळली. आणि वीजच हवी असं नाही, नुसत्या प्रकाशावरही चालते. काळा थर दिला की प्रकाश जास्त शोषला जातो, एवढंच.

मोटरचा वेग तिला नाही, मान्य. पण तयार किट आणून जोडण्यापेक्षा इथे मोजण्यासारखं कितीतरी आहे. किती ग्रॅम उचलते? किती वेळा वळून पुन्हा सरळ होते? शिवाय आपल्याकडे जुलैत हवाच इतकी दमट, की कागद वाळणार किती? हे श्टुटगार्टवाले कशाला मोजतील? ते आपल्याच लॅबमध्ये व्हायला हवं.