वाढवलेले पाटे उतरवा, पिकअप मूळ उंचीवर आणा

जुन्या पिकअपला मागून पाटे वाढवून घ्यायची जी रीत आपल्याकडे पडली आहे ती थांबली पाहिजे, आणि ज्या गाड्यांना ते आधीच वाढवले आहेत त्यांचे उतरवले पाहिजेत. आधी एसटीच्या कार्यशाळेत आणि निवृत्तीनंतर आळेफाट्याजवळच्या माझ्या छोट्या गॅरेजात माझी उभी हयात गाड्यांच्या खाली गेली. रिकामी पिकअप मागून उंच आणि पुढून झुकलेली जाताना दिसली की तिला काय केलंय हे मला खाली न वाकताही कळतं.

टोमॅटोचा हंगाम जवळ आला की माझ्याकडे ठरलेली मागणी येते. ‘‘मिस्त्री, मागं दोन-दोन पाटे टाकून द्या, गाडी लई बसती.’’ गाडी बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांची, दुसऱ्या-तिसऱ्या हातातली. मी विचारतो, ‘‘दादा, क्रेट किती भरता?’’ नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरतात. सव्वा टन क्षमतेच्या गाडीत साठ-बासष्ट क्रेट म्हणजे गाडी भरली, आणि प्लास्टिकच्या क्रेटचं स्वतःचं वजन धरलं तर तेवढेही बसत नाहीत. उत्तर मात्र शंभराचं येतं, कधी त्याच्याही पुढचं. शंभर क्रेट म्हणजे नुसता मालच दोन टन. गाडी बसते ती ओझं जास्त झालं म्हणून. पाटा वाढवल्यावर ओझं तेवढंच राहतं, फक्त ते दिसायचं बंद होतं.

पाट्यांचं काम कसं चालतं हे मालकाने एकदा गाडीखाली जाऊन बघावं. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात आणि त्यांत बुश बसतात. साधारणपणे पुढचं टोक चॅसीच्या हँगरला पिनने पक्कं असतं आणि मागचं शॅकलला, कारण दबलेला पाटा सरळ होताना लांबतो आणि त्याला सरकायला जागा लागते. मेन पाट्याखाली एकाहून एक आखूड पाटे, मधून सेंटर बोल्ट, आणि हा सगळा गठ्ठा दोन यू-बोल्टांनी ॲक्सलला आवळलेला. खड्ड्यात चाक गेलं की पाटे वाकतात, एकमेकांवर घासतात आणि धक्का खाऊन टाकतात. वाकणं हेच त्यांचं काम आहे.

आता जाडीचं गणित बघा. एकाच लांबी-रुंदीच्या दोन पाट्यांत जो जाड, त्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला तर जाडी पावपट वाढली, पण ताठरपणा जवळजवळ दुप्पट झाला. गॅरेजात वाढवायला जे पाटे मिळतात ते बहुतेक मोठ्या ट्रकचे, भंगारातून आणून कापलेले. म्हणजे आधीच जाड. असे दोन पाटे बसले की मागची बाजू वाकायचं जवळपास विसरते. काही पिकअपना पॅराबोलिक पाटे असतात, मधे जाड आणि टोकांकडे निमुळते, संख्येने दोन-तीनच, एकमेकांना न घासता काम करणारे. त्यांच्या पोटात सरळ पट्टी कोंबलेली मी पाहिली आहे. तिथे तर कंपनीने केलेली सगळी रचनाच मोडीत निघते.

आणि वाढलं काय? फक्त पाटे. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेकचे ड्रम तेच, चॅसी तीच. टायरच्या कडेला लिहिलेली भारक्षमताही तीच. पाट्याने खाऊन टाकायचा धक्का आता पुढे सरकतो आणि सगळ्यात आधी चॅसीला गाठतो. हँगरच्या रिव्हेटपाशी केसाएवढी चीर दिसायला लागते. मालक तिथे वेल्डिंग मारून पट्टी लावतो, मग चीर पट्टीच्या कडेला निघते. मागची बाजू उचलल्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर जातात. मालक म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला.

पण मला सगळ्यात जास्त काळजी ब्रेकची वाटते. अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी गेलेली असते. गाडी किती बसली आहे हे ती दांडी व्हॉल्व्हला कळवते. गाडी रिकामी असेल तर मागच्या ब्रेकला दाब कमी जातो, म्हणजे हलकी झालेली चाकं जाम होऊन घसरत नाहीत. माल भरला, गाडी खाली आली, की मागच्या ब्रेकला दाब वाढवून मिळतो. पाटे वाढवलेली गाडी दोन टन भरूनही पुरेशी खाली येत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी ती अजून अर्धी रिकामीच असते. मागचे ब्रेक हलके लागतात आणि थांबवायचं बहुतेक काम पुढच्या दोन चाकांवर पडतं.

आता आमचा रस्ता आठवा. नारायणगावहून निघालेली गाडी आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाटाला लागते आणि तिथून मुरबाड, कल्याण, वाशी. भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी गाडी चढते. म्हणजे ब्रेकची खरी परीक्षा असते नेमकी तेव्हाच पाठीवर सगळा माल असतो, आणि रात्रीचं धुकं, पावसाळ्यात कड्यावरून रस्त्यावर येणारं पाणी हे वर. पुढचे ब्रेक सतत तापत गेले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. काही जण तर ती दांडी तारेने वर बांधून टाकतात, म्हणजे मागचे ब्रेक कायम पूर्ण लागतील. मग परतीच्या वाटेवर रिकामी गाडी ओल्या वळणावर ब्रेक लागताच मागून फिरते. घाटातल्या अपघातानंतर ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढंच छापून येतं. अशा बातमीत गाडीच्या पाट्यांबद्दल एक ओळ कधी येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या चालकांतली कितीतरी पोरं माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली आहेत.

शेतकऱ्यालाही यात काही मिळत नाही. ताठ पाट्यांची गाडी अर्धीच भरली असेल तर प्रत्येक गतिरोधकावर मागून उडते आणि खालच्या थरातला टोमॅटो वाशीला पोचेपर्यंत ठेचाळतो. तो माल बाजूला काढून त्याचा भाव पाडला जातो. भाड्यात वाचलेले पैसे पट्टीत गेले, पण हा हिशेब कुणी एकत्र मांडत नाही.

म्हणून माझ्याकडे जुनी पिकअप ‘मागून आदळते’ म्हणून आली की मी आधी टेप लावतो. चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना, सपाट जागेवर, रिकामी गाडी. मग पाटे मोजतो आणि त्या मॉडेलला कंपनीने किती दिले होते ते पुस्तकात बघतो. वाढवलेले काढायचे आणि मूळचे तपासायचे. चाकांना ओट लावून गाडी चॅसीवर उचलायची, खाली भक्कम स्टँड द्यायचे. जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये, मग तो कितीही जुना मिस्त्री असो. गठ्ठा सुटला की तारेच्या ब्रशने प्रत्येक पाटा घासायचा आणि सेंटर बोल्टच्या भोकापाशी चीर आहे का ते नीट बघायचं, कारण पाटा बहुतेक तिथेच तुटतो. दबून सपाट झालेला पाटा कमानीत आणायचा तर तो जाणत्या पाटेवाल्याकडून थंडच ठोकून घ्यावा, नाहीतर सरळ नवा घ्यावा, आणि तोही दोन्ही बाजूंना जोडीने. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरू नयेत, ते नवेच घालायचे. शॅकलचे आणि पिनचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे. चाकं लटकत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकतात आणि थोड्याच दिवसांत फाटतात. शेवटी त्या व्हॉल्व्हची दांडी मापात लावायची, हेडलाइटचा झोत जुळवायचा आणि काही दिवस गाडी चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून द्यायचे. काढलेले जादा पाटे मी भंगारात घालतो, तेही मधोमध कापून, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागायचे नाहीत.

गाडी खाली आणायची म्हणून पाटा गॅसने तापवून सपाट करणं हा मात्र गुन्हाच मानावा. अलीकडे परदेशातल्या खाली उतरवलेल्या पिकअपचे व्हिडिओ बघून तरुण पोरं ही मागणी घेऊन येतात. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं, ठरावीक तापमानाला तापवून, तेलात बुडवून, पुन्हा मंद तापवून पाणी दिलेलं असतं. गॅसची ज्योत लागली की तेवढ्या जागेचं पाणी उतरतं. पाटा आज खाली बसतो आणि पुढे भर रस्त्यात तुटतो. हौस असेल तर असू दे, जुन्या गाडीवर माझाही जीव आहे. पण कंपनीची उंची गाठा आणि तिथे थांबा.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं. जादा भारासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. मालवाहू गाडी आठ वर्षांपुढे गेली की दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. पण फिटनेसला गाडी रिकामी जाते, आणि रिकामी गाडी वाढवलेल्या पाट्यांवर ताठ, रुबाबदार उभी असते. आरसीवर रिकामं वजन असतं, भरलेलं वजन असतं, पाट्यांची संख्या कुठेच नसते. तपासणाऱ्याने ती कशाशी ताडून बघायची? माझी पहिली मागणी ही आहे, की प्रत्येक मॉडेलची पाट्यांची संख्या, जाडी आणि रिकाम्या गाडीची मागची उंची फिटनेसच्या नोंदीत यावी. टेप लावायला पाच मिनिटं पुरतात.

दुसरी गोष्ट भाड्याची. पिकअपचं भाडं क्रेटमागे ठरतं, फेरीमागे नाही. साठ क्रेटच्या भाड्यात डिझेल, टोल, हप्ता आणि चालकाचं जेवण बसत नसेल तर मालक शंभर भरणारच, आणि त्यासाठी पाटेही वाढवणारच. एकट्या पिकअपवाल्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. रस्त्यात अडवलं जातं त्याला, दंडाची पावती फाटते त्याच्या नावाने. ज्याने क्रेट चढवायला लावले तो व्यापारी गाळ्यात बसलेला असतो. कलम १९४ गाडी चालवणाऱ्याइतकंच ती तशी चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे, पण त्याचा उपयोग फारसा होताना मला दिसत नाही.

यावर बाजार समित्यांनी पुढं यायला हवं. गाडी आवाराबाहेर पडताना काट्यावरून जावी, वजनाची चिठ्ठी मालाच्या पट्टीला जोडली जावी, आणि भार क्षमतेपेक्षा जास्त असेल तर माल तिथेच उतरवून त्याचा खर्च भरणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यावा. सोबत पिकअपचं भाडं पूर्ण क्षमतेच्या एका फेरीवर ठरवून फलकावर लावावं. हे दोन्ही यंदाच्या हंगामापासून सुरू करता येईल. आणि ज्याला पाटे उतरवायचे आहेत त्याने पावसाच्या आधी गाडी घेऊन यावं, काम एका दिवसाचं आहे.