मीटरच्या पेटीत डोकवा

गंगाखेडला घर घेताना माणसं दिशा बघतात, वास्तू बघतात, इसारपावतीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात. मीटरच्या पेटीत मात्र कुणी डोकावत नाही. डोकवावं. महावितरणच्या बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक उतरवून घ्यावा, मीटरवरचं रीडिंग बिलाशी ताडून बघावं, सील शाबूत आहे का तेही. कारण जुन्या मालकाची थकबाकी घरावर बसते. नियमांत तरतूद असेल तर ती नव्या मालकाकडून वसूल करता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली दिलाय. आपल्या राज्याच्या वीजपुरवठा संहितेत तशी तरतूद आहे. मात्र वारस नसलेल्या खरेदीदारावरचा हा बोजा फार तर सहा महिन्यांच्या बिलापुरता. नावबदलाचा अर्ज घेऊन जाण्याआधी एवढं पाठ असू द्यावं. घरपट्टी-नळपट्टीची बाकी नसल्याचा नगरपरिषदेचा दाखला विकणाऱ्याकडूनच घ्यायचा, तोही खरेदीखताआधी. पैसे हातात पडल्यावर तो फोन उचलेलच असं नाही. गॅसचं कनेक्शन घराबरोबर येत नाही, त्याचा वेगळा अर्ज. राहिलं पाणी. नळ कितव्या दिवशी येतो हे मालकाला विचारूच नये, शेजारच्या काकूंना विचारावं. गोदावरी गावाला लागून वाहते म्हणून गल्लीच्या टोकाच्या घराला दाब मिळतो, असं थोडंच आहे? बोअर असेल तर भर वैशाखात मोटर लावून बघा. पहिली पाच मिनिटं सोडा; धार बघायची ती विसाव्या मिनिटाला.