झाडावर चिकटवलेला कागद



बकरी ईदला पंधरा-वीस दिवस उरले की दारोदारी बकरे बांधलेले दिसतात आणि पाल्याची शोधाशोध सुरू होते. आमच्या भातकुलीकडे शेताच्या धुऱ्यावर बाभूळ असते, सुबाभूळ असते, धुऱ्याचा मालकही ओळखीचा असतो, काम भागते. अमरावतीत राहणाऱ्यांना धुरा कुठला? मग रस्त्याच्या कडेचा पिंपळ, नालीवरचा उंबर, दवाखान्यासमोरचा वड यांच्यावर पोरे चढतात आणि चार दिवसांत झाडाचा खराटा होतो. पोरांना कोणी रागावत नाही, कारण त्यांना मोठ्यांनीच पाठवलेले असते. शहरात हा गुन्हा ठरू शकतो, हे किती घरांना माहीत आहे?

आपल्या राज्यात १९७५ पासून एक कायदा आहे. नाव लांबलचक आहे : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ फक्त बुंध्यावर कुऱ्हाड घालणे एवढाच नाही. जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे, हे सगळे त्यात धरलेले आहे. म्हणजे दुकानाची पाटी झाकली जाते म्हणून रात्री मुळाशी ॲसिड ओतणारा आणि बुंध्याची साल गोल सोलून झाड वाळण्याची वाट पाहणारा, दोघेही त्यातच आले. आपल्या लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज मात्र वेगळा आहे. ‘झाड आमच्या अंगणातले, आमच्या अब्बांनी लावलेले, आम्ही काहीही करू.’ तसे नाही. जमीन स्वतःची असो की दुसऱ्याची, शहरातले झाड वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. घरावर मजला चढवणाऱ्याला तो लागू आहे, मस्जिदीचे आवार वाढवणाऱ्या कमिटीला लागू आहे आणि कब्रस्तानाच्या ट्रस्टींनाही लागू आहे.

कब्रस्तानाचे मुद्दाम लिहिते. आपल्या बहुतेक कब्रस्तानांत जुने कडुनिंब असतात. संरक्षक भिंतीला पैसे कमी पडले की पहिली नजर त्यांच्याकडे जाते. लाकडाचा व्यापारी येतो, सौदा होतो, ट्रॅक्टर भरून जातो. हिशोबाच्या वहीत रक्कम नीट लिहिलेली असते, त्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटत नाही. परवानगीचा कागद मात्र कोणी मागत नाही. जनाजा घेऊन आलेली माणसे मे महिन्यात कुठे उभी राहतील, हेही कोणी विचारत नाही.

परवानगी मिळतच नाही, असे समजू नका. झाड मेलेले असेल, रोगट असेल, वादळात कलंडून कोणाच्या जिवाला धोका झाला असेल, तर कायद्यात वाट आहे. अर्ज द्यायचा. वृक्ष अधिकारी स्वतः येऊन झाड पाहतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते आणि झाडावरही दिसेल अशा जागी नोटीस लावली जाते. हरकत घ्यायची मुदत त्यावर लिहिलेली असते, ती बहुतेकदा सात दिवसांची. आणि परवानगी दिल्यानंतरही पंधरा दिवस झाडाला हात लावता येत नाही. हे पंधरा दिवस आणि तो झाडावरचा कागद, या कायद्याचा सगळा जीव एवढ्यातच आहे.

अमरावतीत माझ्या खालाच्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुनिंब होता. त्याच्याखाली चपला शिवणारे बाबा बसायचे, शाळेच्या रिक्षा थांबायच्या. त्याच्यावर असाच एक कागद लागला. दोन दिवसांनी त्याच कागदावर ट्यूशन क्लासची जाहिरात चिकटली. खालाने नोटीस पाहिली होती, शेजारच्यांनीही पाहिली होती. ‘सरकारी कागद आहे, आपल्याला काय’ म्हणून सगळे पुढे गेले. एका रविवारी सकाळी करवतीचा आवाज आला तेव्हा गल्लीतली सारी माणसे बाहेर धावली. फोन केला तर कार्यालयाला सुट्टी. सोमवारी चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की मुदतीत एकही हरकत आली नाही. उत्तर खरेच होते.

मोठ्या शहरांत तर हरकती येऊनही झाडे जातात. मुंबईच्या आरे कॉलनीचे नाव तुम्ही ऐकले असेल. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी २९ ऑगस्ट २०१९ रोजी मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडांचा प्रस्ताव मंजूर केला. त्यातली २,१८५ तोडायची आणि ४६१ दुसरीकडे लावायची होती. हजारो नागरिकांनी लेखी हरकती घेतल्या होत्या. १३ सप्टेंबरला आदेश निघाला. लोक उच्च न्यायालयात गेले. पंधरा दिवसांची मुदत २८ सप्टेंबरला, सुनावणी चालू असतानाच संपून गेली. शुक्रवारी, ४ ऑक्टोबरला, न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री दिव्यांच्या उजेडात यंत्रे चालू झाली. लोक धावत गेले, तर जमावबंदी लागली आणि २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यावरून सोमवारी, ७ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने सुट्टीच्या काळात विशेष सुनावणी घेऊन तोड थांबवली. तेव्हा सरकारतर्फे सांगितले गेले की जेवढी तोडायची होती तेवढी तोडून झाली आहेत. शुक्रवारची रात्र ते सोमवारची सकाळ एवढ्या वेळात २,१४१ झाडे आडवी झाली होती.

मेट्रो आज धावते आहे, लाखो कष्टकऱ्यांच्या उपयोगी पडते आहे. ती नकोच होती, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे वेळेबद्दल आहे. न्यायालयाची तारीख पुढे ढकलता येते, तोडलेल्या झाडाच्या बाबतीत तसे काही करता येत नाही. याच प्रकल्पात पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी अर्ज करायची मोकळीक दिली. प्राधिकरणाकडून परवानगी आली ती १७७ झाडांची. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने मेट्रो कंपनीला १० लाख रुपये भरायला लावले. काम अडू नये म्हणून ती १७७ झाडे काढण्याची मुभा मात्र दिली.

दंड जबर असला तरी असेच होते. उत्तर प्रदेशात वृंदावनजवळ, ताजमहालासाठी राखलेल्या संरक्षित पट्ट्यात, सप्टेंबर २०२४ मध्ये एका खासगी जमिनीवर ४५४ झाडे परवानगीशिवाय कापली गेली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झाडामागे एक लाख रुपये कायम केले. असे जरब बसवणारे निर्णय हवेतच. पण त्याच आदेशात न्यायालयाने हेही नोंदवले की तेवढी हिरवाई पुन्हा उभी राहायला किमान १०० वर्षे लागतील. आपल्या १९७५ च्या मूळ कायद्यात तर दंड १,००० ते ५,००० रुपये होता. कैदेचीही तरतूद होती, एक आठवड्यापासून एका वर्षापर्यंत. पण झाडासाठी तुरुंगात गेलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी तरी नाही.

२०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटले गेले. एक झाड तोडले तर त्याच्या वयाएवढी झाडे लावायची. रोपे सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षे त्यांची देखभाल हवी. कागदावर उत्तम आहे. आता ते आमच्या भागात आणून पाहा. भातकुली, दर्यापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, ते कोवळ्या रोपाला काय मानवणार? शाळेत दर जुलैला वृक्षारोपण होते, फोटो निघतात. मार्चपर्यंत त्यातले किती उरतात ते आम्हा शिक्षकांना विचारा. या मातीत तग धरून साठ वर्षांचा झालेला कडुनिंब आणि साठ रोपे यांची बरोबरी होत नाही. मे २०२४ मध्ये उन्हामुळे शेजारच्या अकोल्यात १४४ कलम लावावे लागले होते, पारा ४५ च्या वर गेला होता. त्या उन्हात हातगाडीवाला सहा फुटांच्या रोपाखाली उभा राहू शकत नाही.

झाडाच्या कायद्याचा अंमल ही आपल्यासाठी नवी गोष्टही नाही. हजरत मुहम्मद (स.) यांनी मदिना शहराचा परिसर हरम ठरवला आणि तिथले झाड तोडण्यास मनाई केली. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) अकीकला जात असताना त्यांना एक गुलाम झाड तोडताना दिसला. त्यांनी त्याच्या अंगावरचे सामान जप्त केले. त्याचे मालक परत मागायला आले, तरी त्यांनी ते दिले नाही. मला या प्रसंगात एक गोष्ट महत्त्वाची वाटते : सअद (रजि.) त्या वाटेने आपल्या कामाला चालले होते. झाड तोडले जात असताना ते थांबले.

आपण कोणाचे सामान जप्त करायचे नाही, कोणाशी हुज्जतही घालायची नाही. आपल्या हातात अर्ज आहे. झाडावर नोटीस दिसली की मोबाईलमध्ये तिचा आणि झाडाचा फोटो घ्या. घरी येऊन साध्या मराठीत चार ओळी लिहा : झाड कुठे आहे, कोणत्या जातीचे, त्याचा लोकांना काय उपयोग होतो आणि ते का तोडू नये. इमारतीचा नकाशा थोडा सरकवता येत असेल किंवा फक्त धोक्याची फांदी काढून भागत असेल, तर तेही लिहा. वकील लागत नाही. हरकत कोणीही घेऊ शकतो, त्यासाठी झाडाचे मालक असावे लागत नाही. नोटीस नसताना तोड सुरू झालेली दिसली तर आधी परवानगीचा कागद मागा आणि लगेच उद्यान विभागाला व पोलिसांना कळवा. दिवस सुट्टीचा असेल तर पोलिसांना आधी.

झाडाचे वय हा आता हरकतीतला मोठा मुद्दा आहे आणि त्याला साक्षीदार घरातच असतात. गेल्या वर्षी मी सातवीच्या मुलांना एक काम दिले. आपल्या मोहल्ल्यातले सर्वांत जाड झाड शोधा, छातीएवढ्या उंचीवर दोरीने घेर मोजा आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला त्याबद्दल विचारा. एका मुलीने लिहून आणले : घेर २ मीटर १० सेंटिमीटर, दादी म्हणतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा या झाडाला बकरी बांधत होते आणि ते तेव्हाच कवेत मावत नव्हते. दादींचे लग्न १९६८ चे. मी तो कागद फाईलमध्ये लावून ठेवला आहे. तुमच्याही घरी अशी फाईल असू द्या, आणि हरकतीचा अर्ज द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच परत यायचे.