सात पेढ्यांची एक ग्राहक-वही

जुन्या पेढीवर कीर्दीतील नोंदी खतावणीत चढवून ताळा जुळेपर्यंत मुनीम दिवा मालवीत नसे. फ्रँचायझीच्या धंद्यात आज ग्राहकांच्या नावांचीही अशीच खतावणी असते. फरक इतकाच, की येथे नोंद चुकली तरी ताळा बोलत नाही. बोलतो तो चिडलेला ग्राहक.

समजा, साड्यांच्या एका व्यवसायाच्या पुणे, सांगली, नाशिक अशा सात शाखा आहेत. चार घरच्या, तीन फ्रँचायझीवर दिलेल्या. प्रत्येकीचे ई-मेल पाठविण्याचे खाते स्वतंत्र. दिवसभरात बिलाच्या वेळी नोंदलेले पत्ते रात्री आपोआप त्या त्या खात्यात जावेत, अशी व्यवस्था हवी आहे. तांत्रिकदृष्ट्या हे काम फारसे अवघड नाही. प्रत्येक नोंदीवर शाखेचा संकेतांक असावा आणि प्रत्येक खात्याची एपीआय-किल्ली निराळी असावी. सातही किल्ल्या एकाच नोकराच्या संगणकावर ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी गल्ल्यावर टांगणे होय. ग्राहकाची ओळख नावावरून न ठरवता ई-मेलवरून ठरवावी, कारण शहा आणि जैन प्रत्येक शाखेत डझनांनी सापडतात. फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठविली नाही, तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. आणखी एक खोड : नव्या फाइलमधील रिकामा रकाना जुनी माहिती पुसून टाकू शकतो. म्हणून आरंभी घरच्याच दहा पत्त्यांवर प्रयोग करावा.

खरा पेच पुढे आहे. सांगलीच्या शाखेला एखाद्या ग्राहकाने ‘यापुढे पत्र नको’ असे कळविले आणि तोच ग्राहक दिवाळीत पुण्यात खरेदीस गेला, तर पुण्याचे खाते त्याला नवा समजून पुन्हा पत्रे धाडू लागते. त्याच्या दृष्टीने दुकान एकच असते. खाती सात आहेत, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. यासाठी नकार देणाऱ्यांची यादी मध्यवर्ती असावी आणि प्रत्येक रात्रीच्या आयातीपूर्वी नवी नावे तिच्याशी ताडून पाहावीत. हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

२०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव वगळण्याची सोय सक्तीची केली आहे; तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. ही मोजणी मुख्य डोमेननिहाय होते. सातही शाखा एकाच डोमेनवरून लिहीत असतील, तर एका शाखेचा उतावीळपणा इतर सहांच्या पत्रांनाही स्पॅममध्ये लोटू शकतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने आणि विशिष्ट हेतूसाठी दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. श्रावकाला यात अपरिचित असे फार थोडे आहे. तिसऱ्या अणुव्रतात ज्याला ‘अदत्तादान’ म्हटले आहे, त्याचा शब्दशः अर्थच न दिलेले घेणे असा होतो. बिलासाठी दिलेला पत्ता जाहिरातीसाठी दिलेला नसतो. बिलाच्या वेळी वेगळी खूण करून घेतली आणि तिची तारीख नोंदीबरोबर खात्यात गेली, तर पुढचा वाद टळतो. (संवत्सरीला सातही खात्यांतून एकाच व्यक्तीला ‘मिच्छामि दुक्कडं’ जाण्याचा प्रसंगही टळतो; क्षमापना सात वेळा पोहोचली की आणखी एक मागावी लागते.)

राहिला प्रश्न मालकीचा. फ्रँचायझीचा करार संपल्यावर ती यादी कोणाकडे राहणार, हे करारपत्रात सहसा लिहिलेले नसते. भागीदार भाचा वा मेहुणा असला की लिहिण्याचा संकोच अधिकच. तरीही किल्ली कोणत्या दिवशी बंद होईल, नावे कोण ठेवील व कोण पुसून टाकील, हे आयात सुरू होण्यापूर्वीच कागदावर यावे. नंतर ते वकिलांच्या कार्यालयात ठरते.