आधी गप्प बसायला शिका



बी.एड.ला असताना इव्हान इलिच हे नाव आम्ही पाच गुणांच्या टिपेपुरतं पाठ केलं होतं. ‘शाळाच नको म्हणणारा विचारवंत’ एवढं लिहिलं की गुण मिळत. हा माणूस मुळात कॅथलिक पाद्री होता आणि मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवणारी शाळा चालवत होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. वर्षानुवर्षं मुलांना भाषा शिकवत आलेल्या आम्हाला ही हकिकत त्याच्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा जास्त भिडली.

इलिच जन्माने व्हिएन्नाचा. तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये, पोर्तो रिकोहून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीतल्या चर्चमध्ये त्याची नेमणूक झाली. वस्ती स्पॅनिश बोलणारी, पाद्री इंग्रजी. 1956 मध्ये तिथल्या शेकडो शिक्षकांना, पाद्र्यांना, समाजसेवकांना झटपट स्पॅनिश शिकवायची वेळ आली. त्याच्या मित्राने स्पॅनिश रेडिओवरून हाक दिली, तर दुसऱ्या दिवशी दोनेकशे पोरं दाराशी हजर! त्यातली चार डझन निवडली. बरीचशी शाळा सोडलेली. अमेरिकी परराष्ट्र खात्याचं पाठ्यपुस्तक कसं वापरायचं ते त्यांना दाखवलं आणि आठवड्याभरात एकेकाच्या हाती चार-चार मोठी माणसं सोपवली. सहा महिन्यांत 127 चर्चमध्ये किमान तिघे-तिघे स्पॅनिश बोलू लागले, असं इलिचनेच पुढे लिहून ठेवलं आहे. पदव्यांची फाईल सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचताना जरा टोचतं, खोटं कशाला बोला!

1961 मध्ये त्याने मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहरात मोठी शाळा काढली. त्याच वर्षी रोमहून आवाहन झालं होतं की, उत्तर अमेरिकेतल्या धर्मसंघांनी दहा वर्षांत आपली एक दशांश माणसं लॅटिन अमेरिकेत पाठवावीत. ती जाण्याआधी इथे चार महिने राहत. तासन् तास तीच वाक्यं म्हणायची, शिक्षक मेक्सिकन, सुटका नाही. गावी मान असलेला, प्रवचन देणारा माणूस इथे बालवाडीतल्या पोरासारखा अडखळे. अडखळण्याजोगं होतंही भरपूर. ‘पेस्कादोर’ म्हणजे कोळी आणि ‘पेकादोर’ म्हणजे पापी. एक ‘स’ गिळला की किनाऱ्यावरची अख्खी वस्ती पापी ठरते, आणि पाद्र्याच्या तोंडून तर ते खरंच वाटायचं! ‘एम्बारासादा’ हा शब्द इंग्रजी माणसाला ‘लाजले’ असा वाटतो. त्याचा अर्थ आहे ‘गरोदर’. एखाद्या ननने तो वापरला तर काय होईल, ते वाचकांनीच समजून घ्यावं.

उर्दू येणाऱ्याला मात्र या भाषेत पावलोपावली ओळखीचे चेहरे भेटतात. 711 ते 1492 स्पेनमध्ये मुस्लिम सत्ता कुठे ना कुठे होती, तिची खूण शब्दांत राहिली. साखरेला ‘असूकार’, कापसाला ‘अल्गोदोन’, केशराला ‘असाफ्रान’, म्हणजे आपलं जाफरानच. ‘पर्यंत’ला ‘आस्ता’, अरबीतलं हत्ता. आणि ‘तसं झालं तर बरं’ म्हणायला ‘ओहाला’. त्यात अल्लाहचं नाव दडलेलं आहे: अल्लाहने चाहिलं तर. तो मिशनरी दिवसातून किती वेळा ते म्हणत असेल! (‘तुम्ही’ला ‘उस्तेद’ म्हणतात. आम्हाला लगेच ‘उस्ताद’ आठवला होता. पण त्याचं मूळ वेगळं, ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दांत आहे.)

इलिच स्पॅनिश शिकणाऱ्यांना सांगे, शब्दांपेक्षा त्या लोकांची शांतता शिकणं अवघड आहे. आधी ऐकणाऱ्याची शांतता, मग ऐकलेलं मनात मुरू देणाऱ्याची. बोलायला निघालेल्या माणसांना तो गप्प बसायला शिकवत होता. खरं तर ही माणसं आपलीच जीवनपद्धती घेऊन गरिबांच्या दारात उतरणार, याची त्याला भीती होती. कित्येकांनी परत जावं असंच त्याला वाटे. 1967 मध्ये त्याने तसं उघड लिहिलं. 1969 मध्ये रोमने पाद्री आणि नन यांना त्याच्या संस्थेत जायला मनाई केली. त्याच वर्षी त्याने पाद्रीपण सोडलं. 1976 मध्ये संस्था बंद केली.

मुरू देणाऱ्याच्या शांततेपाशी आम्ही अडलो. काही वर्षांपूर्वी यंत्रमागाच्या कामासाठी उत्तर प्रदेशातून आलेल्या घरातली एक मुलगी आमच्या मराठीच्या तासाला पाचवीत बसू लागली. चार महिने अवाक्षर नाही. आम्ही रोज तिला उभं करायचो, ती रोज जमिनीकडे बघायची. प्रगतिपुस्तकात आम्ही लिहिलं, ‘तासाला सहभाग नाही’. तिच्या अब्बांनी सही करताना ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार. दिवाळीच्या सुट्टीनंतर मधल्या सुट्टीत तिचा आवाज ऐकला. शेजारणीला सांगत होती, “अगं, माझा डबा तू घे, मला आज भूक नाही.” एकही चूक नव्हती. पुढच्या वर्षी तिचं घर दुसरीकडे गेलं. प्रगतिपुस्तकातलं ते वाक्य तसंच तिच्याबरोबर गेलं.

यंदा पाचवीत अशी तीन मुलं आहेत. दिवाळीपर्यंत त्यांना उभं करायचं नाही, एवढं ठरवलं आहे. तपासणीला साहेब आले आणि नेमकं त्यांच्यापैकीच एकाला प्रश्न विचारला, तर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.