नाण्यावरचा सम्राट आणि नाण्याबाहेरचा विणकर

तेरचे नाव निघाले की आपल्याकडील वक्त्यांना सुवर्णयुगाचा उमाळा येतो. रोमचे सोने दख्खनेत येत होते, म्हणून येथील जनता सुखात नांदत होती, असा हा सिद्धांत. लोहाऱ्यासारख्या कोरडवाहू तालुक्यातील शेतकऱ्याने तरी तो पारखल्याखेरीज स्वीकारू नये.

आपल्याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे. तगरचे साधे कापड व मलमल गाड्यांत लादून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदरी नेले जाई. त्याच बंदरात रोमची सोन्याचांदीची नाणी उतरत. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स गिळतो, अशी प्लिनीची तक्रार होती.

पण त्या साम्राज्याच्या नाण्यांवर होते काय? ऑगस्टसच्या नाण्यावर मगर आणि ‘इजिप्त जिंकला’ ही अक्षरे. वेस्पाशियनच्या नाण्यावर खजुराच्या झाडाखाली शोक करीत बसलेली स्त्री. ती म्हणजे इ. स. ७० मध्ये चिरडलेला ज्यूडिया. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने नाण्यातील चांदी घटवली. सम्राटाचा मुखवटा मात्र तसाच रुबाबदार राहिला! जेत्याचा गर्व आणि जितांचे अश्रू या धातूवर कोरले गेले. सूत कातणारी तगरची बाई आणि तिचे कापड वाहणारा गाडीवान यांना त्यावर जागा नव्हती.

तामिळनाडूत पुदुक्कोट्टै संस्थानात १८९८ साली सापडलेल्या रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीचा घाव आहे. त्यामागील हेतूविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु घाव घालणाऱ्या हाताला सम्राटाच्या मुद्रेचा धाक नव्हता, एवढे उघड आहे. आपण मात्र दोन हजार वर्षांनंतर तिच्यापुढे हात जोडतो!

मराठवाड्याला हा धडा नवा नाही. निजामाच्या हाली शिक्क्यावर चारमिनार डौलाने उभा होता. म्हणून सारा भरणाऱ्या कुळाच्या घरात उजेड पडला नाही. १९४८ साली ती राजवट संपली, ती जनतेच्या लढ्याने आणि लष्करी कारवाईने. शिक्क्याच्या पुण्याईने नव्हे.

तेव्हा तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात मुलांना जरूर न्यावे. पण ‘किती सोने आले?’ याबरोबर ‘ते कोणाच्या हाती राहिले?’ हाही प्रश्न त्यांना विचारावयास शिकवावे. पाच रुपयांच्या नोटेवर ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी छापलेला आहे. चलनावर चित्र आले म्हणजे खिशात चलन आले, असे मानणाऱ्यांनी एकदा लोहाऱ्याच्या बाजारात सोयाबीनची पट्टी हाती घेऊन पाहावी.